मोठ्या मॅडम काय म्हणाल्या

शाळेच्या फाटकावर माझा फोटो टांगलाय. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, आणि फोटोवाल्याने 'हसा' म्हटल्यावर येतं तसलं हसू. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, 'मोफत प्रवेशातून घडलेली आमची गुणवंत विद्यार्थिनी'. त्यातला 'मोफत' माझ्या नावाच्या दुप्पट मोठा आहे. बोर्डाच्या एका कोपऱ्याची दोरी सुटलेली, वारा आला की माझा अर्धा चेहरा भिंतीवर फटफट आपटतो.

खांडबाऱ्याला मी दर महिन्या-दोन महिन्यांनी येते, बहिणीकडे. पण रूळ ओलांडून इकडे यायला दहा वर्षं लागली. तेही शीतल मिसचा फोन आला म्हणून. त्या आता मुख्याध्यापिका आहेत. "आपल्या शाळेत नव्या पालकांची सभा आहे गं," त्या म्हणाल्या, "दोन शब्द बोल. मोफत शिक्षणानं आयुष्य कसं बदललं, तुझ्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?" नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसले. मिसना नाही म्हणायची सवय मला या शाळेनं लावलेली नाही.

ऑफिसात बसवलं. भिंतीवर एक प्लास्टिकची डबी होती, थोड्या थोड्या वेळानं फुस्स करून सुगंध सोडणारी. लॅव्हेंडर. मी खुर्ची दाराकडे ओढली. मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. रोज सकाळी थुंकीच्या डब्या उघडते, लघवीच्या बाटल्या ओळीनं मांडते, जंत शोधायला विष्ठा काचेवर पसरते आणि मग हात धुऊन डबा खाते. मला कशाची किळस येत नाही, असं सोबतच्या मुली कौतुकानं सांगतात. त्यांना हा वास माहीत नाही.

आमचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत आम्ही कमी आणि सुके मासे जास्त राहायचे. अब्बा पॅसेंजरनं सुरतकडे जायचे आणि पोती घेऊन परतायचे. बोंबील, सुकट, खारा बांगडा, कधी सोडे. गाडी थांबली की अब्बांच्या आधी त्यांचा वास फलाटावर उतरतो, असं स्टेशनवरचे हमाल म्हणायचे. पोतं उसवलं की पहिल्यांदा नाकात मीठ शिरायचं, मग ऊन, मग काहीतरी गोडसर, कुजण्याच्या अलीकडे थांबलेलं. त्याला वास म्हणतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. मी आणि रुबीना त्या पोत्यांवर झोपून मोठ्या झालो. आम्ही जुळ्या. ती माझ्याहून पाव तास आधीची, आणि त्या पाव तासाचा तोरा तिनं आजवर सोडलेला नाही.

वर्षाचे महिने आम्हाला माशांवरून कळायचे. पावसाआधी डोंगरातली माणसं उतरायची, चार महिन्यांचं सुकट बांधून न्यायची. तेव्हा अम्मीला घास गिळायला फुरसत नसायची. पावसाळ्यात पोती दमट व्हायची, सुकटात बारीक पांढऱ्या अळ्या पडायच्या. मग चुलीवर पत्रा ठेवून अम्मी सुकट भाजायची आणि आम्ही दोघी आधी अळ्या वेचायचो, कोणाच्या जास्त म्हणून भांडायचो. थंडीत छपरावर बोंबील पुन्हा ऊन खायचे, खाली मांजरी आभाळाकडे तोंड करून बसायच्या. आणि होळीच्या आधीच्या बाजारात येणाऱ्या बायांच्या लुगड्यांना मोहाचा वास असायचा. तो वास आणि आमचा वास अम्मीच्या ताडपत्रीवर एकमेकांत मिसळायचे. घरात आमची तोडकीमोडकी हिंदी, बाजारात अम्मी अहिराणी, आणि डोंगरातल्या म्हाताऱ्यांशी त्यांच्या भिलीत चार शब्द. जमनाबाई म्हणून एक होती, दर बाजाराला यायची, बोंबील घेण्याआधी एक मोडून चघळायची. "खारं शे व," ती म्हणायची. "खारंच ऱ्हास ना माय, समिंदरनं शे," अम्मी म्हणायची. दर बाजाराला हेच. दोघी दर वेळी हसायच्या.

मिठानं अम्मीच्या बोटांना भेगा पडलेल्या. त्या बोटांनी ती आमच्या वेण्या घालायची.

मग सोडत निघाली. रुळांपलीकडे नवी इंग्रजी शाळा झाली होती आणि गरिबांच्या काही पोरांना तिथं फुकट घेणार होते. अम्मीनं दोघींचे अर्ज भरले. सोडतीत माझं नाव आलं, रुबीनाचं आलं नाही. अम्मीनं तिला जवळ घेतलं, "तेरा भी नंबर लगेगा, अगले साल," म्हणाली. तिचा नंबर कधीच लागला नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. ती शाळाही फुकटच होती. तिथं खिचडी मिळायची आणि फरशीवर बसायचं असायचं. मला टाय मिळाला. आम्ही दोघी आरशापुढे उभं राहून आळीपाळीनं तो टाय घालून बघायचो.

पहिल्या वर्षी मी घरी आले की रुबीनाला सगळं शिकवायचे. पाटीची गरज नव्हती. वाळलेले बोंबील सरळसोट असतात. तीन बोंबलांचा ए, तीनच बोंबलांचा एच, चारांचा डब्ल्यू. ताडपत्रीवर आम्ही अख्खी एबीसीडी मांडायचो. एस आणि ओ जमायचे नाहीत, तिथं रुबीना सुकट ओतून बोटानं वळण द्यायची. अम्मी ओरडायची, पण मोडायची नाही. एकदा एका गिऱ्हाइकानं आमचा के उचलून विकत नेला. आम्ही पोट धरून हसलो होतो.

मला कळलं ते दुसरीत. प्रार्थनेला हात धरून गोल करायचा होता. माझ्या शेजारच्या मुलीनं माझा हात धरला, सोडला आणि स्वतःचा हात नाकाशी नेला. तिनं चेहरा कसा केला ते आजही हुबेहूब करून दाखवू शकते. घरी गेल्यावर मी आरशात तो करून बघितला होता. नाक वर, वरचा ओठ वर, डोळे बारीक. हळूहळू तो माझ्या चेहऱ्यावर बसत गेला.

अम्मीनं उपाय सुरू केले. माझा युनिफॉर्म वेगळा, लिंबू घालून धुवायचा आणि शेजारच्या गच्चीवर वाळवायचा. दप्तरात कापराच्या वड्या. अब्बा कानात हिना अत्तराचा फाया ठेवायचे, शाळेला निघताना तोच माझ्या मनगटांवर घासायचे. झालं काय, लिंबू, कापूर, हिना आणि खाली तळाशी बोंबील, असा एक चौपदरी भपकारा माझ्याबरोबर वर्गात शिरायला लागला. आधीचं एक वेळ परवडलं असतं.

शेवटच्या बाकावर माझ्याबरोबर सुमित्रा बसायची. तीही मोफतवाली. 'मोफतवाली' हे आमचं वर्गातलं नाव होतं, हजेरीतसुद्धा आमची नावं शेवटी, एका रेघेखाली. तिचे आईबाप वीटभट्टीवर. तिच्या केसांना मोहाच्या बियांचं तेल असायचं. मला तिच्या तेलाचा वास यायला लागला होता. मी बाकावर तिच्यापासून सरकून बसायचे. लिहून ठेवते, कारण नंतर मी जे सांगणार आहे त्यात फक्त दुसऱ्यांनाच दोष आहे असं वाटू नये.

चौथीत शीतल मिस वर्गशिक्षिका झाल्या. तरुण, गोऱ्या, नीट चुण्यांच्या साड्या नेसणाऱ्या. पावसाळ्यातली एक दुपार. खिडक्या बंद, पंखा बंद, चाळीस मुलांचे ओले मोजे. मिस शिकवता शिकवता थांबल्या, पर्समधून एक लांब डबा काढला आणि शेवटच्या बाकापर्यंत चालत आल्या. आधी बाकावर फवारलं, मग माझ्यावर, मग सुमित्रावर. मानेवर गार गार तुषार बसले. लॅव्हेंडर. सगळा वर्ग मागे वळून बघत होता. कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, मिससुद्धा थोड्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता कसं फ्रेश वाटतंय!"

सुमित्राला वाटलं, अत्तर लावताहेत. तिनं दोन्ही तळवे पुढे केले. मिसनी त्यांच्यावरही मारलं. तिनं ते गालांना लावले आणि माझ्याकडे बघून हसली, खरोखर खूश होऊन. मला तिला मारावंसं वाटलं होतं. दिवाळीनंतर ती परत आली नाही. आईबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेली असं कळलं. तिचं नाव खोडलं आणि बाक पूर्ण माझा झाला.

त्या दिवशी घरात पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच उलटी झाली. लॅव्हेंडर आणि बोंबील एकत्र झाले होते. अम्मी धावली. तिनं त्या हातांनी माझं कपाळ धरलं आणि मला पुन्हा उलटी झाली. मी तिचा हात ढकलला. "हात मत लगा," म्हणाले. "बास आती तेरे हातों को." रुबीना चुलीपाशी सुकट परतत होती. तिनं उलथनं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. अम्मी उठून मोरीवर गेली. साबण लावून हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

पुढचे तीन दिवस मी शाळेला म्हणून निघायचे आणि स्टेशनवर जाऊन बसायचे. मालगाड्यांचे डबे मोजायचे. चौथ्या दिवशी शाळेतून निरोप आला, आईला घेऊन ये.

तेव्हाच्या मुख्याध्यापिका वेगळ्या होत्या. आम्ही त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचो. दूर समुद्राकाठच्या राज्यातून आलेल्या, सावळ्या, जाड चष्म्याच्या. मराठी अजिबात नाही, हिंदी शिपायाला चहा सांगण्यापुरती. अम्मी बुरख्याला आणखी एकदा हिना लावून आली होती. चपला बाहेर काढून, खुर्चीच्या कडेवर, कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं अशी बसली.

मोठ्या मॅडम माझ्याशी इंग्रजीत बोलल्या. मला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून. आईला सांग, म्हणाल्या. वर्गात जे झालं ते मला कळलं. ते चूक होतं. मी शिक्षिकेशी बोलले आहे, पुन्हा होणार नाही. तुझ्या आईला सांग, मुलगी हुशार आहे. घरी जो धंदा आहे तो कष्टाचा आहे, त्याची लाज वाटायचं काही कारण नाही. आमच्या गावी तर घराघरासमोर असेच मासे वाळत घातलेले असतात.

मला सगळं कळलं. एकही शब्द अडला नाही. चार वर्षं फुकट शिकलेली इंग्रजी होती ती, चोख.

"क्या बोल री मॅडम?" अम्मीनं विचारलं.

मी म्हणाले, "बोल री, घर में मच्छी रही तो नाम काट देंगे."

मी दहा वर्षांची होते. आधी ठरवून काही केलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं, उंबऱ्यावरच्या उलटीसारखं.

अम्मीनं मॅडमकडे बघितलं. मॅडमना वाटलं, आपलं बोलणं पोचलं. त्या हसल्या. टेबलावरून वाकून त्यांनी अम्मीच्या भेगाळलेल्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. म्हणजे अम्मीच्या डोळ्यांसमोर एक बाई तिच्या मुलीचं नाव कापायची धमकी देऊन हसत होती, वर हात थोपटत होती. अम्मीनं तो हात सोडवून घेतला नाही. दुसरा हात त्याच्यावर ठेवला आणि जोडल्यासारखे केले. "बोल मॅडम को, काटना मत. हम बंद कर देंगे. सब बंद कर देंगे."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. आई काय म्हणते?

मी इंग्रजीत म्हणाले, आई म्हणते, थँक यू.

पुढच्या बाजाराला आमची ताडपत्री पसरली नाही. उरलेली पोती अम्मीनं पडेल त्या भावात दुसऱ्याला देऊन टाकली. बाजारातली वडाखालची जागा, जी तिच्या सासूनं धरलेली होती, तीही गेली. आठवडाभर अम्मी आणि रुबीना घर धूत होत्या. धुण्याच्या सोड्यानं फरशी, चुन्यानं भिंती, पत्रे खरवडून. मी अभ्यास करत होते. मला कोणी काम सांगितलं नाही. जमनाबाई घर शोधत आली. दारात उभी राहून तिनं रिकाम्या खोलीत नजर फिरवली.

"कसाले बंद करी दिन्हं व बहीण?"

"पोरनी शाळा शे ना," अम्मी म्हणाली. तिच्या आवाजात एक ऐट होती. त्या ऐटीनं मला अजून झोपेतून जाग येते.

अब्बा धान्याच्या गोदामावर हमालीला लागले. मासे हलके असतात, गहू जड. अम्मी एका व्यापाऱ्याचे परकर शिवायला लागली. नाड्या ओवायचं काम रुबीनाकडे आलं. सातवीनंतर तिनं शाळा सोडली, म्हणजे कोणी सोडवली नाही, पण पावसाळ्यात परकरांचा मोठा ढीग आला आणि तो संपेपर्यंत शाळा निघून गेली. इंग्रजीच्या तासाला ती वर्गात सगळ्यांच्या पुढे असायची, तिच्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं होतं. अम्मी गुरुजींना म्हणाली, "एक पढ री ना."

आणि मी? मला बरं वाटलं. हेच ते. घर चुन्याचं झालं, माझ्या अंगाला नुसत्या साबणाचा वास यायला लागला आणि मी त्या वर्षी वर्गात पहिली आले. मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. वर्षभरात त्यांची बदली झाली, की त्या निघून गेल्या, माहीत नाही. जाताना त्यांनी मला एक जाड शब्दकोश दिला. पुढे मी आठवीपर्यंत तिथंच होते, मग नंदुरबारला वसतिगृह, शिष्यवृत्ती, डिप्लोमा, नोकरी. फुकट शाळा मिळाली नसती तर मी आज परकरांना नाड्या ओवत असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते काम माझ्या वाटचं कोणी केलं, हेही. अम्मी-अब्बांना मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये नेलं. अब्बांची पाठ आता सरळ होत नाही, ते दिवसभर गॅलरीत बसून रस्ता बघतात. अम्मीनं तिथं एकदाही बोंबील आणला नाही. मी म्हटलं आण, तर म्हणते, "नक्को, तेरेकु बास आती."

रुबीनाचं लग्न गावातच झालं. लग्नानंतर दोन वर्षांत तिनं सुक्या माशांचा धंदा पुन्हा सुरू केला. वडाखालची जागा मिळाली नाही. ती गटाराच्या बाजूला बसते.

सभा सुरू झाली. पालक पुढच्या वर्गात बाकांवर बसले होते, मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून. शीतल मिसनी माझी ओळख करून दिली. "हिच्या घरची परिस्थिती मी डोळ्यांनी पाहिलीय," म्हणाल्या. कशानं पाहिलीय ते मला माहीत होतं. मी उभी राहिले. बोलले. शाळेनं मला घडवलं, शिक्षकांनी मायेनं शिकवलं, परिस्थिती आड येत नाही, असं सगळं. माझ्या तोंडातून ते घडीव मराठी निघत होतं आणि मी बाजूला उभी राहून बघत होते, जशी काचेखालची एखादी वळवळ बघते.

मागच्या बाकावरून एक बाई उठली. डोंगराकडची असावी. कडेवर पोर, हातात अर्ज गुंडाळलेला. जपून जपून, शाळेतलं मराठी जुळवत विचारलं, "बाई, हे पोरांना वेगळं तर नाही ना बसवत? फुकटवाल्यांना?"

मिसनी माझ्याकडे बघितलं. डबीनं फुस्स केलं, ती वर्गातसुद्धा लावलीय.

"नाही," मी म्हणाले.

बाई समाधानानं खाली बसली. टाळ्या पडल्या. मला नारळ दिला.

नारळ घेऊन मी चालत बाजारात आले. बाजाराचाच दिवस होता. गटार उन्हात बुडबुडत होतं. रुबीना ताडपत्रीमागे बसली होती, पदर कंबरेला, हाताशी तराजू. मला बघून तिनं भुवई उडवली. "कैसा हुआ भाषण?"

"रुबी, एक बात बोलनी है."

"बोल. गिऱ्हाईक आया तो रुकना."

मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. मॅडम काय म्हणाल्या, मी काय सांगितलं, अम्मीनं काय उत्तर दिलं, मी त्याचं काय केलं. मधे एक म्हातारा आला, पावशेर सुकट घेऊन गेला. त्याला रुबीनानं रोजच्यासारखं मोजून दिलं, सुटे पैसे परत केले. तो गेल्यावर मी उरलेलं सांगितलं.

ती खाली बघून बोंबील सारखे करत होती, डोकी एका बाजूला, शेपट्या एका बाजूला. मला वाटलं शिव्या देईल. तिनं बाजूच्या गटारात थुंकलं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "अम्मी को मत बोलना."

"क्यों?"

"उसको लगता, उसने मॅडम की बात मानी. बडी बाई थी, शाळा की मालकीन जैसी. उसके आगे झुकने में क्या शरम. तेरी बात मानी, ये कायकु मालूम करती उसको?" मग माझ्याकडे न बघता, "क्या बोली थी मॅडम? बराबर बोल."

मी सांगितलं. लडकी होशियार है. मच्छी का धंदा मेहनत का है. उसमें शरम की कोई बात नहीं. उनके गांव में घर घर के सामने ऐसी ही मच्छी सुखाते.

"फिर से बोल."

मी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ती ओठ हलवत ऐकत होती.

"इतनी अच्छी बात थी," ती म्हणाली. "इतने साल. अन तू अकेली खा गई."

ती सरकली नाही, बस म्हणाली नाही. मी ताडपत्रीच्या अलीकडे, गिऱ्हाइकं बसतात तिथं, मातीत बसले. दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. एकीनं बोंबील उचलला, मोडून दाताखाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. रुबीनानं तराजूची दोरी सारखी केली आणि माझ्याकडे मान न वळवता म्हणाली, "ओढनी हटा नाक पर से. गिऱ्हाईक देख रे."

ओढणी धरलेला माझा हात नाकावर होता. कधीपासून होता, मला माहीत नाही.